येतो म्हणून गेलेला आवाज

बंदरावर परवा पाटी लागली. दर वर्षी लागते तीच पाटी आहे. बंदरावरचा कारकून तिच्यावरची जुनी अक्षरं खडूनं पुन्हा गिरवतो आणि ती त्याच खिळ्याला अडकवतो. बोटी बंद. आता नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्याला मुंबई दिसणार नाही आणि मुंबईला आपण दिसणार नाही. या दुसऱ्या गोष्टीचं मुंबईला फारसं दुःख होत असेल असं वाटत नाही.

या महिन्यांत रत्नागिरीत माणसं दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त. पाखाडीच्या पायऱ्यांवरून कोणी चाललं की वहाणांची चपचप आधी येते, माणूस मागाहून येतो. कधी येतही नाही; मधल्याच एखाद्या बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, कुणाच्या अंगणात शिरलेला असतो, आणि आपण पडवीत उभे राहून चपचपीची वाट पाहत असतो. समुद्र दिसत नाही, पण दिवसभर डोंगरामागे कोणीतरी मोठं जातं फिरवत असल्यासारखा ऐकू येतो. तिन्हीसांजेला बाहेरून एकदाच हाक आली तर ओ द्यायची नाही, असं आमच्याकडे मुलांना बजावतात. माणूस असेल तर तो तीनदा हाक मारील. दुसरं काही असेल तर त्याला एकदाच मारता येते. हा नियम त्या दुसऱ्या कोणाला कोणी घालून दिला, असं मी लहानपणी विचारलं होतं. उत्तर हातानं मिळालं.

पाटी पाहिली की मला दाजीबुवांचा पावसाळा आठवतो. दाजीबुवा आमच्या आळीतले गवई. मी दिवसा शाळेत भूगोल शिकवी आणि संध्याकाळी त्यांच्या मागे पेटी वाजवी. दोन्हीकडे माझ्याकडे सारखंच दुर्लक्ष होई, त्यामुळे पाहायला आणि ऐकायला मला भरपूर सवड मिळाली.

त्या पावसाळ्यापर्यंत यायचं तर पाच-सहा वर्षं आधीपासून निघावं लागेल, म्हणजे तबकडीपासून. गावात तिला प्लेट म्हणत. प्लेटचा एजंट मुंबईहून आला तो पांढऱ्या बुटांत. पाखाडी चढून वर येईपर्यंत बूट तांबडे झाले होते. त्याच्या कार्डावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत होतं आणि कंपनीचं त्याहून सोनेरी. बुवांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि पानाच्या डब्याखाली ठेवलं.

"समोर माणूस नाही, मान डोलवायला कोणी नाही," बुवा म्हणाले. "म्हणजे मी विहिरीत तोंड घालून गायचं, आणि विहिरीनं ते गावाला सांगायचं."

"विहीर नव्हे बुवा, समुद्र म्हणा," एजंट म्हणाला.

"समुद्रावर तर मी कधीच गात नाही. मला बोट लागते."

एजंट परत गेला. मग दापोलीच्या एका गवयाची प्लेट निघाल्याचं कळलं. बुवा चार दिवस कोणाशी बोलले नाहीत आणि पाचव्या दिवशी त्यांनी माळ्यावरून ट्रंक काढली. कलेवरच्या निष्ठेची अशी अनेक उदाहरणं मी पाहिली आहेत.

मुंबईत कंपनीच्या आवाज घ्यायच्या खोलीत भिंतीतून एक मोठा पत्र्याचा कर्णा बाहेर आला होता. पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. पलीकडे मेणाची चकती फिरते आणि सुई तिच्यावर आवाज कोरते, एवढं आम्हांला सांगितलं होतं. पेटीचा सूर कर्ण्यात शिरेना, म्हणून मला पेटीसकट टेबलावर चढवलं. तबलजीचा सूर फार शिरे, म्हणून त्याला दाराकडे ढकललं. बुवांच्या मागे एक साहेब उभा राहिला. बुवा खालच्या सुरात गेले की तो त्यांची मान धरून तोंड कर्ण्यात घाली, आणि वरच्या सुरात गेले की खांदे धरून मागे ओढी. ज्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायची गावात कोणाची छाती नव्हती, त्याला साहेब पाणी शेंदल्यासारखा खालीवर करत होता. सगळं तीन मिनिटांत आटपायचं होतं. बुवांना एरवी नुसता घसा साफ करायला तेवढा वेळ लागे.

शेवटी गायकानं आपलं नाव सांगायचं, अशी पद्धत होती. कारखान्यात प्लेटा छापणाऱ्यांना कोणता आवाज कोणाचा ते कळावं म्हणून. ती पद्धत तेव्हा मागे पडत चालली होती, पण आमची कंपनी जुन्या वळणाची. बुवांनी सांगितलं, "मी दाजीबुवा, मुक्काम रत्नागिरी." मग त्यांनी सुस्कारा सोडला, उपरणं उचललं, आणि आयुष्यभर ज्या ज्या घरी गायले तिथून उठताना जे म्हणत आले तेच कर्ण्याकडे पाहून म्हटलं. "बरं, येतो."

मेण अजून फिरत होतं. साहेबाला मराठी येत नव्हतं. त्याला तो नावाचाच उरलेला भाग वाटला. तो तसाच छापून आला.

आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जाणारा 'येतो' म्हणतो आणि घरातलं माणूस 'या' म्हणतं. जाणारा जातोच आहे, हे दोघांनाही माहीत असतं. समजून उमजून केलेली ही लहानशी फसवणूक आहे आणि तिच्यावर पुष्कळ संसार चाललेले आहेत.

प्लेट आली, तिच्याबरोबर कंपनीनं यंत्रही पाठवलं. कॅटलॉगात बुवांचा फोटो होता, अंगात कंपनीचा कोट आणि कोटावर कंपनीचीच पदकं. पडवीत आळी जमली. गाणं झालं, नाव झालं, आणि कर्ण्यातून "बरं, येतो" आलं. त्याबरोबर स्वयंपाकघरातून वहिनींनी, म्हणजे बुवांच्या पत्नीनं, सवयीनं ओ दिली. "या हं. छत्री घेतलीत ना?"

हसता हसता आळीची पुरेवाट झाली. वहिनी बाहेर आल्या, झोपाळ्यावर बसलेल्या बुवांना पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं. त्या हसल्या नाहीत. "मग गेलं कोण?" त्यांनी विचारलं. तेव्हा तोही विनोदच वाटला.

ती प्लेट खूप चालली. बाजारात लोक 'येतोची प्लेट' म्हणून मागत. आणि ज्या यंत्राला बुवा विहीर म्हणत होते, त्यापुढे ते रोज बसू लागले. आधी कौतुकानं बसत, मग तपासणीसाठी. पेटीवर माझी बोटं त्यांच्या श्वासावर चालत, त्यामुळे पुढचा फरक मला सगळ्यांच्या आधी कळला. बैठकीत ते ती चीज प्लेटसारखी गाऊ लागले. तीच तान, त्याच जागी श्वास, तिसऱ्या मिनिटाला शेवट. पूर्वी एका चिजेत ते तासभर हरवत आणि आम्ही त्यांना शोधत फिरत असू. आता सगळ्या जागा खुंट्या मारून ठेवल्यासारख्या झाल्या. एकदा त्यांची मान धरून साहेब मागे उभा आहे की काय, असं वाटून मी मान वर करून पाहिलं. कोणी नव्हतं. तरी वरच्या सुराला बुवांचे खांदे मागे ओढले गेले.

मग तो पावसाळा आला.

चैत्रात बुवांना ताप आला आणि उतरताना घसा घेऊन गेला. वैद्यांनी ज्येष्ठमध दिला, डॉक्टरांनी आरसा घालून आत पाहिलं. दोघांचं निदान वेगळं होतं, पण दोघांनीही ते लॅटिन किंवा संस्कृतात सांगितल्यामुळे तेवढंच समाधान झालं. उरला तो एक घोगरा, फाटका सूर, दोन स्वरांपलीकडे न जाणारा. बंदरावर पाटी लागली आणि बुवा पडवीतल्या झोपाळ्यावर बसले. गवयाचा आवाज जाणं म्हणजे काय, ते मी शिक्षक असल्यामुळे मला नीट कळलं नाही. शिक्षकाचा आवाज गेला तर वर्गाची सोय होते. बुवा मात्र नुसते बसून असत, कोणी आलं तर हातानं बसायला सांगत.

गावात म्हणत, यंत्रानं आवाज ओढून नेला. मी त्यांना समजावी की मेणावर उमटतो तो नुसता ठसा असतो. पायाचा ठसा चिखलात राहिला म्हणून पाय जात नाही. लोक ऐकून घेत आणि म्हणत, "खरं आहे मास्तर. पण गेला ना?"

वहिनींना मात्र तो गेला हेच मान्य नव्हतं. "गेला नाही हो भावजी," त्या मला म्हणाल्या. "येतो म्हणून सांगून गेलाय. तुम्हीच तिथं होतात. जातो म्हणाला का?"

याला भूगोलात उत्तर नाही.

रोज तिन्हीसांजेला, देवापुढे दिवा लावून झाला की वहिनी यंत्राला चावी भरत आणि ती प्लेट लावत. शेवटी आवाज म्हणे, "बरं, येतो." आणि त्या पदराचं टोक हातात धरून, दाराकडे तोंड करून म्हणत, "या." समोर झोपाळ्यावर बुवा बसलेले असत. गाणं चालू असताना त्यांचे ओठ हलत. एका खोलीत आवाज आणि ओठ असे वेगवेगळ्या जागी मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

त्या पावसात सगळ्याला बुरशी आली. माझ्या पेटीच्या भात्याला आली, शाळेतल्या नकाशावर अरबस्तान हिरवं झालं. यंत्राच्या चावीची कमानही दमटपणानं सैल पडली. चावी शेवटपर्यंत पुरेना. नाव सांगायची वेळ आली की चकतीचा वेग मंदावे आणि आवाज खाली खाली जाई. "मुक्काम रत्नागिरी" जमिनीखालून येई, आणि "येतो" तर इतका लांबे की तो शब्द आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळावं.

काशा तांडेल तेव्हा रोज तिन्हीसांजेला आमच्या पाखाडीवरून खाली खाडीकडे जाई. एके सकाळी तो इरलं डोक्यावर घेऊन बुवांच्या बेड्याशी उभा राहिला.

"बुवानू, काल येतो म्हनलाव नि आलाव नाय."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "किती वेळ थांबलास?"

"मोप थांबलो. मंग चाललो. खाली व्हाळापत्तर कोनतरी होता माज्या मागनं."

"पाहिलंस?"

"वळून कशाला बघू? पायाचा आवाज नाय मास्तर. नुसता घसा खाकरी."

तांडेल माडी घेत असे, हे मी इथं नमूद करतो. त्या आठवड्यात पावसामुळे कोणालाही माडावर चढता आलं नव्हतं, हेही नमूद करायला हवं.

मला चिंता वेगळीच होती. पोलादी सुई प्रत्येक फेरीत थोडा थोडा आवाज खरवडून नेते. वाजवून झाल्यावर प्लेटच्या कडेला बारीक काळी पूड दिसे आणि वहिनी ती पदरानं टिपून घेत. श्रावण लागेपर्यंत त्या तानांत खरखर शिरली होती. बुवांचा जुना आवाज आमच्यापुरता त्या एका प्लेटवर उरला होता, आणि बाजारातल्या प्लेटा संपल्या होत्या. वहिनी त्याला रोज बोलावत होत्या, आणि बोलावल्यामुळेच तो झिजत होता. हे मी बुवांना सांगितलं. वहिनींना सांगायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी विहिरीवर असताना बुवांनी प्लेट माझ्या हातात दिली. "न्या," ते त्या फाटक्या आवाजात म्हणाले. "झिजेल म्हणून नव्हे मास्तर. तो आणि मी, दोघं या घरात मावत नाही. ती दार माझ्यासाठी उघडं ठेवत नाही."

मी प्लेट धोतरात गुंडाळून घरी नेली आणि ट्रंकेत ठेवली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम पडवीत उभा राहिलो. पाऊस थांबला होता. बुवांच्या घरी दिवा लागला. यंत्र मुकं होतं, प्लेट माझ्या ट्रंकेत होती. नेहमीच्या वेळेला, तेवढी तीन मिनिटं गेल्यावर, पलीकडून वहिनींचा आवाज स्पष्ट आला. "या."

कोणीतरी काहीतरी म्हटल्याशिवाय माणूस 'या' म्हणत नाही. मी सकाळी प्लेट परत नेऊन दिली. वहिनींनी ती घेतली आणि कुठं होती हे विचारलंसुद्धा नाही.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीनं एजंटचं पत्र आलं. कर्णा गेला, आता विजेचं यंत्र आलं आहे, त्याला मायक्रोफोन म्हणतात, त्याला कुजबुजसुद्धा ऐकू येते. बुवांचा घसा बसल्याचं त्याला कळलेलं दिसलं नाही. त्यानं 'आपला बुलंद आवाज' असं लिहिलं होतं. बुवांनी पत्र पानाच्या डब्याखाली ठेवलं. दोन दिवसांनी ते पुन्हा काढलं आणि बोट ठेवून मला एकच शब्द दाखवला. कुजबुज.

"जाऊन येऊ," ते म्हणाले. "यंदा मी तिथं काही बोलणार मात्र नाही. गेल्या खेपेला बोललो ते भोवलं."

या वेळची खोली मला आवडली नाही. भिंतींना जाड पडदे आणि घोंगड्या लावलेल्या होत्या. टाळी वाजवली तर ती हातातच मरे. आपला आवाज भिंतीवरून परत येतो तेव्हा आपण खोलीत आहोत हे आपल्याला कळत असतं. तिथं ते कळेना. मध्ये एका दांड्यावर डब्याएवढी वस्तू होती, तिला तोंड नव्हतं, डोळे नव्हते, आणि ती ऐकत होती. काचेमागे एक मराठी इंजिनिअर होता. मानेला हात लावायला कोणी नव्हतं. बुवा उभे राहिले आणि त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

"बुवा, हळू गा," इंजिनिअर म्हणाला. "जितकं हळू तितकं बरं. समोर माणूस बसलंय असं समजा."

"कोण?"

"तुमच्या मनात असेल ते."

बुवांनी डोळे मिटले. त्या दोन स्वरांच्या पडक्या जागेत ते गायले, अगदी हलक्यानं, झोपाळ्यावर बसून कोणाला तरी समजावल्यासारखे. पेटीवर माझी बोटं बऱ्याच वर्षांनी चुकली, कारण श्वास कुठं येणार ते मला माहीत नव्हतं. गाणं संपलं तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि आवाज टिपत असल्याचा लाल दिवा विझेपर्यंत उघडले नाहीत.

गाणं दोन चकत्यांवर घेतलं होतं; त्यांतली पहिली इंजिनिअरनं आम्हांला वाजवून दाखवली. मेण एकदा ऐकलं की वाया जातं, त्यामुळे ते गाणं आम्ही ऐकलं आणि त्याच क्षणी ते संपलं. दुसऱ्या चकतीची प्लेट निघणार होती. बुवा मान वाकडी करून ऐकत होते.

"हा कोण?" ते म्हणाले. मग उपरणं सावरत, "माझे वडील म्हातारपणी असे गात. घरातल्या घरात."

परतीच्या बोटीत त्यांना बोट लागली नाही.

प्लेट दिवाळीच्या सुमाराला आली. आम्ही आळीत कोणाला सांगितलं नाही. तिन्हीसांजेला वहिनी आत दिवा लावत असताना बुवांनी मला खूण केली, मी चावी भरली आणि नवी प्लेट लावली. जुना कर्णा तोच होता, पण त्यातून आलेला आवाज भिंतीपलीकडून ओरडत नव्हता. तो पडवीतच होता, चटईवर बसलेला. आत भांड्यांचा आवाज थांबला. गाणं संपलं, पुढं काही नव्हतं, नाव नाही, शब्द नाही, नुसती सुई फिरत राहिली.

वहिनी बाहेर आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात वाटी आणि वाटीत गुळाचा खडा. लांबून उन्हातान्हातून आलेल्याला आपण देतो तसं. त्यांनी ते यंत्रापुढे ठेवलं.

"आलात?" त्या म्हणाल्या. "किती दमलाय आवाज."

बुवा झोपाळ्यावरून म्हणाले, "अगो, मी इथं आहे."

वहिनींनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "तुम्ही कुठं गेला होतात?"

झोपाळ्याची कडी करकरत होती. बुवांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मला वाटलं, आता ते यंत्र उचलून अंगणात फेकतील. फेकलं असतं तर मी मदत केली असती. ते उठले, यंत्रापुढच्या चटईवर मांडी घालून बसले, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्या वर धरून पाणी प्यायले. मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "आलो."

मी पेटीवाला आहे; सूर सुराला लागतो की नाही, एवढं मला कळतं. तो सूर प्लेटमधल्या सुराला लागला होता. वहिनींनी बुवांकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि पदरानं डोळे न पुसता तांब्या पुसला.

जुनी प्लेट त्यांनी फडक्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवली, ओल लागू नये म्हणून. ती पुन्हा वाजली नाही. बुवा पुढं बरीच वर्षं गायले, पडवीत, चार-सहा माणसांपुढे, हलक्या आवाजात, आणि पुन्हा हरवू लागले. यंत्रावर राग नव्हता, लोभही नव्हता. "त्यानं माझं नेलं ते त्यानंच आणून दिलं," एवढंच म्हणत. बाजारात आता बॅटरीवरचा रेडिओ आला आहे, त्यात सगळेच हलक्या आवाजात गातात आणि शेवटी दुसराच कोणीतरी त्यांचं नाव सांगतो. बुवांनी तो ऐकला नाही. दोन वर्षांपूर्वी पौषात ते गेले. निघताना काही म्हणाले की नाही, ते वहिनींना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

परवा बंदरावरची पाटी पाहून परत येताना मी त्यांच्याकडे डोकावलो. तिन्हीसांज होती. नवी प्लेट चालू होती, आता तीही जुनीच म्हणायची; यंत्रापुढे पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. वहिनींनी मला हातानं बसायला सांगितलं. गाणं संपलं. सुई कोऱ्या जागेवरून फिरत राहिली आणि खरखर सुरू झाली. मी सुई उचलायला हात पुढं केला.

"राहू द्या हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "पाणी पितायत."

मी कान दिला. मला सुई ऐकू आली, बाहेर पागोळ्या ऐकू आल्या. आणखी काही ऐकलं असं मी लिहिणार नाही. पण पाणी पिणाऱ्याला मध्येच अडवायचं नसतं, म्हणून चावी संपेपर्यंत मी हात मागे घेऊन बसून राहिलो.